केसाचा चिमटा अन् दसपट दंड

...नाही, पण तुम्हीच सांगा, बायको चोरी करते तं नवऱ्यानं उभं राहावं कुठं? आमच्या कलावतीनं आयुष्यात कोनाची सुई नाही उचलली, अन् परवा पंडरीच्या बाजारात एका मोठ्या दुकानात चादरी घ्याले गेलो, तं निघताना दारातलं मशीन कोकलाले लागलं, गार्डबाईनं पर्स उघडली, अन् निघाला काय? केसाचा चिमटा! हिरवा! बिल नाही, काही नाही... अन् मी मधात उभा!

मॅनेजर आला, पोट्टाच हो, टाय बांधलेला. "अंकल, दस गुना दंड लगेगा, माताजी लिखके देंगी कि चोरी की, फोटो गेट पे लगेगा. नहीं तो पुलिस!" फोटो! गेटवर! आमची अर्धी चौबे कॉलोनी जाते त्या गेटातून! मी हात जोडले, म्हटलं, "भैया, विसरली बिचारी, उमर झाली..." तं ही मागून म्हनते, "विसरली नाही. उचलला मी."

ऐकलं का? उचलला मी!

म्हटलं, काहून वं? तं म्हनते, "तीनदा भाव विचारला त्या काउंटरवरच्या पोट्टीले. मोबाईलमधून मुंडकं वर नाही केलं तिनं. आला राग, टाकला पर्समधी!"

मी घाबरून हिच्या भाचीले फोन लावला, नीलिमाले. शंकर नगरात वकिली करते, मराठी सारं समजते पण बोलते हिंदीत. "मौसी, नीयत तो खराब नहीं थी ना? बस इतना बोल दो." तं ही स्पीकरवर, साऱ्या दुकानादेखत, "होती ना खराब!" तिकडून वकील "मौसी! मौसी!" करते, इकडून मॅनेजर "सुना? सुना?" करते... अन् मी मधात उभा!

मग नीलिमानं समजावलं. चोरी ते चोरीच, दुकानवाला पोलिसात जाऊ शकते. पण वस्तू लहान, पहिलीच वेळ, माल वापस, तं गुन्हा ठरला तरी कोर्ट समाजसेवा करायले लावते, झाडझूड वगैरे. अन् दंड लावनं कोर्टाचं काम, दुकानाचं नाही. झालं! कलावतीनं पदर खोचला. "चला ठाण्यात! मी बगीचा झाडीन, पन तुले दसपट नाही देत!"

मॅनेजरचा टाय ढिला. ठाणं, तारखा, गवाही... कोन जाईन? "माताजी, चिमटा रखिए और जाइए." तं ही खुर्चीत बसली न! "काहून जाऊ? गुन्हा केला मी!" अहो, सोडून राहिला तो, अन् ही सुटून नाही राहिली!

शेवटी ती काउंटरवाली पोट्टीच आली, डोळ्यात पाणी. "सॉरी आंटी, मम्मी अस्पताल में है, उसी से बात कर रही थी." कलावती एकदम उठली. चिमटा तिच्या हातात ठेवला, म्हने, "चुकलं माझं, बाई." तिच्या डोक्यावरून हात फिरवला अन् निघाली.

मले वाटलं, झाकली मूठ. कशाची! घरी येता येता हिनंच पाऱ्यातल्या, म्हंजे आमच्या मोहल्ल्यातल्या, साऱ्या बायांले सांगितलं, हसत हसत, साभिनय! आता बाया तिले कायदा विचाराले येतात. अन् मले पाहून पदराआड हसतात. चोरी केली तिनं, अन् मान खाली घालून मी चालून राहिलो!