आखणी चालू असताना

—नाही, नाही, तुम्ही मान हलवू नका, सगुणाताई, आणि बोलूही नका. डोळ्यांची आखणी चालू असताना बोलायचं नसतं, माहीत आहे मला — श्वास हलला की रेघ हलते, आणि रेघ हलली की बाप्पा चकणा. इतके शनिवार तुमच्या कारखान्यात येऊन एवढं तरी कळलंय. तुम्ही डोळे काढा. मी आपली इथे, या स्टुलावर — ओला नाही ना रंग? ओलाच आहे. असू दे, जुनाच ड्रेस आहे. तर काय सांगत होते, रात्री झोपच लागली नाही. म्हणजे रडले-बिडले नाही हो, तसलं काही होत नाही मला हल्ली. नुसती पंख्याकडे बघत पडले होते. डोक्यात एकच — माझी मुलगी तुमच्या मुलीची मोलकरीण आहे का?

बोलले बघा. रामवाडीपासून मिनीडोरमध्ये बसून हेच वाक्य घोळवत होते, जरा गोड करून म्हणणार होते — 'मैत्रीत थोडं मागेपुढे व्हायचंच, पण' असं काहीतरी. एम.ए. झालेय मी, वाक्य रचता येतं मला. वापरायला मिळत नाही एवढंच. तुम्हाला राग आला का? नका सांगू. रेघ पुरी करा आधी.

राग दर्शनावर नाहीच माझा. गोड पोरगी आहे. धीट, उंच, वर्गात शिरली की बाईसुद्धा जरा सरळ बसतात. आणि आमची मनस्वी — सातवीतली मुलगी वाटते का ती? शाळेचा स्वेटर अजून तिसरीतलाच होतो. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की एकीने दुसरीला बाजारातून आणल्यासारखं दिसतं. बरं, दर्शना कबड्डी खेळते, छान. मनू काय करते? चपला सांभाळते. मैदानाच्या कडेला, दर्शनाच्या चपला दोन हातांत धरून, अशी — पूजेचं ताट धरावं तशी. खाली ठेवायच्या नाहीत, का, तर 'मातीत ठेवल्यास तर माझा पाय जड होतो' म्हणे. हे शास्त्र कुठलं? आणि मॅच हरल्या ना त्या दिवशी, तर मनूने अख्ख्या टीमची माफी मागितली! एक चप्पल जरा खाली आली होती म्हणे. मी हसले. नंतर भांडी घासताना लक्षात आलं की मी हसले ते बरोबर नव्हतं. पण तेव्हा उशीर झाला होता, आणि भांडीही झाली होती.

वाढदिवसाचं तर सांगितलंच नाही. दर्शना मनूचा वाढदिवस विसरली. विसरतात मुलं. तर मनूने काय करावं? दर्शनालाच भेट दिली. का गं, म्हटलं, वाढदिवस तुझा ना? तर म्हणाली, 'तिला विसरल्याचं वाईट वाटलं असतं ना.' वाटलं होतं का तिला? दर्शनाला? नाही, तसं विचारत नाहीये मी. भेट आवडली असेल तर झालं.

आणि आता हे उंदीर. बघा ना तिकडे फळीवर — म्हणजे तुम्ही बघू नका, तुम्ही डोळ्याकडेच बघा. मला कळतं, प्रत्येक घरात पोरांना काही काम असतंच, तुमच्याकडे मूर्तीपुढचे उंदीर रंगवणं हे दर्शनाचं काम. शनिवारी शाळा सुटली की मनू तिच्याबरोबर हमरापूरला येते, खेळायला म्हणून. आणि मी न्यायला येते तेव्हा काय दिसतं? मनू मांडी घालून उंदीर रंगवतेय आणि तुमची लेक काथ्याच्या पोत्यावर पालथी पडून मोबाइल बघतेय. वर म्हणते कशी, 'तुझा हात हलका हाय गो मनू, माझ्यानं नाय होत.' आणि मनूचा चेहरा — जणू तिला लालबागचं बोलावणं आलंय! राखाडी रंगापर्यंत ठीक होतं, पण तिने डोळेसुद्धा काढले. पोरांनी डोळ्यांना हात लावायचा नाही हा तुमच्याकडचा नियम, तो तिला कुणी सांगितलाच नाही. आणि काढले ते कसे? सगळे उंदीर एकाच बाजूला बघतायत. अहो, उंदराने बाप्पाकडे बघावं, फार तर लाडवाकडे. हे सगळे दाराकडे — एस.टी.ची वाट बघत असल्यासारखे. का, तर दर्शना दारापाशी पोत्यावर लोळते. तिच्याकडे बघत बघत काढले असणार. माझं हे स्टूलही दारापाशीच आहे म्हणा, पण ते असो. तुमच्या मालकांची, गोविंदाभाऊंची कमाल, एवढा माल तिरपा झाला तरी म्हणाले, 'र्‍हाऊ द्या वैनी, उंदरांनीच बाप्पाला एकटक बघावं असा कायदा हाय काय?'

तुम्ही काही बोलला नव्हता. आखणी चालू होती.

आता खरं सांगते कशाला आले. यांनी रोह्याला खोली बघितलीये. कंपनी तिथेच, शिफ्ट संपली की चालत घरी, गाडीचा त्रास नाही. 'काय करायचं?' म्हणाले. आमच्याकडे बोलणं हे असं — काय करायचं, गॅस आला का, हो आला. मी म्हटलं, जाऊ या. मनूची शाळा बदलेल, चपला सुटतील, उंदीर सुटतील, नवी मैत्रीण मिळेल तिच्याच उंचीची. पुढच्या शनिवारपासून मनू येणार नाही, हे तुम्हाला सांगायला आले होते मी आज. तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच आधी सांगतेय. म्हणजे, सांगायला दुसरं आहे कोण? बिल्डिंगमध्ये सगळ्यांची दारं बंद, भाजीवाल्याशी किती बोलणार, तोही हल्ली 'बोला लवकर' म्हणतो. इथे आले की जरा — मनूला न्यायला येते मी. मनूलाच. ती एकटी येऊ शकते तशी, मिनीडोरवाला ओळखीचा आहे, पण आईचं मन. तुम्हालाही किती काम असतं, मी कधीही येवो, तुमची आखणी चालूच. आता हंगाम आहे, ठीक आहे. दिवाळीत आले होते तेव्हाही चालू होती. दिवाळीत कुणाचा गणपती होता हो तो?

नका सांगू.

काल वेणी घालताना विचारलंच मी मनूला. सरळ. म्हटलं, तू का करतेस गं तिची कामं? तुला काय मिळतं त्यातून? रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आमच्याकडे गप्प बसणं सगळ्यांनाच छान जमतं. मग म्हणाली, 'आई, चिडू नकोस हं. दर्शना म्हणते, तुझी आई येताना दिसली की माझी आई मुद्दाम आखणीला बसते. बोलावं लागत नाही म्हणून.'

ब्रश खाली ठेवू नका, सगुणाताई. ठेवू नका म्हणते ना. एकच डोळा झालाय त्याचा. मला काही वाटलं नाही, खरंच — वाटायला हवं होतं म्हणून वाट बघत होते, पण नाही आलं काही. फणी हातात तशीच होती. मी एवढंच विचारलं, मग तू काय म्हणालीस तिला? वाटलं, भांडली असेल. आईसाठी तरी एकदा त्या मुलीशी भांडली असेल.

तर म्हणाली, 'भांडू कशाला? मी म्हटलं, मग काकूंना मोठ्या मूर्ती घ्यायला सांग. मोठ्या डोळ्यांना वेळ लागतो, आईला तेवढं जास्त बसता येईल. बदल्यात तुझे उंदीर मी करते.'