वरची ओळ

"याही वर्षी त्या गाण्याचा सूर उतरवायचा? अरे, माझ्या गिटारच्या तारा आता कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबतात!"

ओहायोच्या जत्रेत, लिंबू सरबताच्या रांगेत, लॉर्नाच्या पुढे तिघे उभे होते. ज्या जुन्या बँडला ऐकायला ती नवऱ्याला ओढत घेऊन आली होती, त्यातलेच हे. केस तेवढे पिकले होते.

"खालचा सूर भारदस्त वाटतो, लायल."

"तुझं काय जातंय, वेन्डेल? तू ड्रम बडवणार!"

"मग गाळू या ते गाणं."

"गाळू या? अख्खा उन्हाळा देशात पहिल्या नंबरवर होतं ते! आपली बाकीची गाणी तुझ्या आईला तरी आठवतात का?"

"आईला तेही आठवत नाही."

"लोकांना आठवतं, म्हणून तर शेवटी ठेवतो. आधी वाजवलं, तर लोक उठून डुकरांच्या शर्यतीला जातील."

"बरं, उतरवू या. हवाच दमट आहे."

"हो ना. हवाच वाईट."

गायक ड्वाइटने टोपीशी मघापासून चाललेला चाळा थांबवला.

"हवेला कशाला बोल लावता, गड्यांनो? माझा गळा गेलाय. सूर मूळचाच ठेवा. ती वरच्या सुरातली ओळ माझ्याऐवजी लोकच गातील."