सहावी गौर

नाव : चिंतामणी विष्णू जोगळेकर, वय ४८ वर्षे, धंदा : नोकरी (अंबरनाथ येथे खाजगी कारखान्यात फिटर), राहणार : खरवई, बदलापूर. दि. २० सप्टेंबर १९९१.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी, आई इंदुबाई व धाकटा भाऊ बाळाजी राहतो. मला स्फटिक जमवण्याचा छंद आहे. मी ते विकत नाही. त्यात टूरमलीनचा एक स्फटिक होता. करंगळीएवढा, बाहेरून हिरवा, आत गुलाबी. असा दुरंगी, टोक शाबूत असलेला नमुना सहसा हाती येत नाही. उल्हासनगरचे खड्यांचे व्यापारी टेकचंद नागदेव यांनी ओरिसाच्या मालातून तो माझ्यासाठी बाजूला काढला होता. कामावरून आल्यावर मी तो खिडकीशी धरून बघत असे.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. नदीवरून पाच खडे आणून ताम्हणात तेरड्याच्या पाल्याफुलांत झाकून बसवतो व तिसऱ्या दिवशी नदीत पोचवतो. पूजेच्या दिवशी टेकचंद दर्शनास आले. स्फटिक डबीतून काढून त्यांच्या हाती देऊन मी चहाचे सांगण्यास आत गेलो. परत आलो तेव्हा डबी मिटलेली होती, ती मी फळीवर ठेवली. सणात पुन्हा उघडली नाही. विसर्जनानंतर उघडली तर रिकामी. मी कामावर असताना बाळाजीने टेकचंद यांच्याविरुद्ध चोरीची तक्रार दिली.

टेकचंद यांना ठाण्यात आणले, तेव्हा ते येथे सांगत होते, "माताजी की थाली में रखा, भाऊ. ऐसी चीज डिब्बी में शोभती है क्या?" त्यावर हवालदार म्हणाले, "म्हणजे देवी घेऊन पळाली?" ताम्हण तोवर रिकामे झाले होते.

काल जेवताना आई म्हणाली, "चिंतू, यंदा पाच आणल्या नि पोचवताना सहा भरल्या रे. गौर सोबतीण घेऊन आली." आईला मोतीबिंदूमुळे दिसत नाही. ती कशी होती, असे मी विचारले. "लांबट. अंगावर उभ्या रेघा, इरकल नेसल्यागत. तिचीही ओटी भरली. पाण्यात सोडताना हात सुटेना बघ."

टूरमलीनला अशा उभ्या रेघा असतात. नदीच्या खड्याला नसतात.

टेकचंद यांचा दोष नाही, त्यांना सोडावे. बाळाजीलाही हे पटले असून तो बाहेर बसला आहे. आईला मी काही सांगितलेले नाही. चौकशीस कोणी घरी येऊ नये. पुढच्या वर्षी ती सहावीची वाट बघेल, ती तिने बघावी.

पोहणारा लावून शोधू का, असे साहेबांनी विचारले. मी नको म्हणालो. पोचवलेली गौर मागे आणत नाहीत. काल व आज मी घाटावर उभा होतो, ते लोकांनी पाहिले असेल. मी काही शोधत नव्हतो. पाणी अजून गढूळ आहे. ते निवळेपर्यंत मी जात राहीन, त्यास कोणाची हरकत नसावी.

हे लिहिलेले मला वाचून दाखवले. मी जसे सांगितले तसेच उतरले आहे.

सही : चिं. वि. जोगळेकर