वरच्या भाडेकरूचे खोके आणि आईचा पेला

पुरवणी जबाब

मी, शेषेराव नागनाथ बिराजदार, वय ६१ वर्षे, धंदा – काही नाही, एस.टी.तून निवृत्त कंडक्टर, रा. औसा रोडमागील वस्ती, लातूर. पूर्वी दिलेल्या तक्रारीच्या अनुषंगाने समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी सिंधु व आई केवळाबाई, वय ८२, असे राहतो. घर आईच्या नावावर आहे. धाकटा भाऊ सुदर्शन नांदेडला विष्णुपुरीकडे राहतो. आमच्या वरच्या खोलीत हरिओम केंद्रे, मूळ रा. लोहा, हा भाडेकरू असून तो खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याला सुदर्शननेच पाठवले होते. मी आयुष्यभर तिकिटे फाडली आहेत. माणूस तिकीट चुकवणार की नाही, हे मला त्याच्या चढण्यावरून कळते. हरिओम पहिल्या दिवशी फार वाकून नमस्कार करत जिना चढला, तेव्हापासून माझी त्याच्यावर नजर होती.

किल्लारीच्या भूकंपात आमचे गावाकडचे घर पडले व त्यात वडील गेले. तेव्हापासून आई स्लॅबखाली झोपत नसे. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. उशाशी तांब्या आणि तांब्यावर उलटा पितळी पेला. जमीन हलली की पेला पडणार आणि जाग येणार. त्या काळी आमच्या भागात पुष्कळांनी असे पेले ठेवले होते, पुढे बहुतेकांनी उचलले. आईने उचलला नाही. मागच्या दिवाळीपासून मात्र ती मधल्या खोलीत झोपू लागली, पेल्यासकट. त्याचा मला किती आनंद झाला होता, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

उन्हाळा लागता लागता हरिओमने वर प्लायवूड व चार इंची पीव्हीसी पाइप नेला. चार इंची पाइप म्हणजे हा न विचारता संडास काढतो, असा माझा समज झाला. मी अडवले असता म्हणाला, "न्हाई काका, होम थिएटरचं सबवूफर करायलोय. खोक्याला पोर्ट पायजे." त्याने सांगितले की, मोठ्या स्पीकरच्या खोक्याला भोक पाडून आत पाइप बसवतात. त्यातून खोक्यातली हवा आत-बाहेर होते व जाड आवाजाला जोर येतो. पाइप लांब ठेवला की आवाज आणखी खोल जातो, कापला की वर येतो. पाइप बारीक असला तर फुसफुस करतो, त्याने आधी दोन इंची लावून पाहिला होता. एवढे सविस्तर उत्तर सरळ माणूस देत नाही, असे माझे मत झाले.

पुढे एका दुपारी मी जिन्यातून पाहिले, तेव्हा तो खोक्यासमोर गुडघ्यावर बसला होता. पाइपाच्या तोंडाशी उदबत्ती धरून धूर कसा हलतो ते बघत होता. आवाज म्हणावा तर काहीच नाही, पण खिडकीची काच थरथरत होती. भानामतीच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत व मी त्या मानत नाही. तरी खाली येऊन हातपाय धुतले.

मी हातपाय धूत असतानाच मांडणीवरची भांडी खणखणली आणि आईचा पेला पडला. मी तिला हाताला धरून अंगणात लिंबाखाली नेले. तिचे हात गार पडले होते. दिवेलागणीपर्यंत मी तिच्याजवळ बसलो. हरिओम धावत खाली आला, आईच्या पाया पडला व दुसऱ्याच दिवशी त्याने पाइप कापून आखूड केला. तरीही पेला पडतच राहिला. दर वेळी मी आईला बाहेर नेऊन बसत असे व तिथूनच हरिओमला बोलत असे. तो म्हणायचा, "काका, आता त्यातनं तेवढा खोल आवाज निघतच न्हाई."

शेवटी आईने अंथरूण शेडमध्ये नेले व म्हणाली, "मी सुदर्शनकडं जाते नांदेडला." सुदर्शन फोनवर लगेच म्हणाला की रविवारी गाडी घेऊन येतो. तो इतक्या लगेच येतो म्हणाला, तिथे मला सगळा उलगडा झाला. घर आईचे, भाडेकरू भावाचा, यंत्र भाडेकरूचे. आईला घाबरवून न्यायचे आणि घर लिहून घ्यायचे. घर गेले तर माणूस भाड्याने राहतो. पण मला खरा घोर आई जाणार याचा होता, हे मी तक्रारीत नीट सांगितले नव्हते. पत्नी सिंधु म्हणाली, "तुम्हाला सगळं जगच विनातिकीट दिसतं." तरी मी ठाण्यात येऊन हरिओम व सुदर्शन या दोघांविरुद्ध तक्रार दिली.

त्यावरून हवालदार संघपाल साहेब घरी आले. मधल्या खोलीत तांब्यावर पेला ठेवला. हरिओमने वर आखूड पाइपाचे खोके पूर्ण आवाजात लावले. पेला थरथरला, पडला नाही. मी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा नाही. मग कापलेला तुकडा जोडून पाइप पहिल्याइतका लांब केला. पेला लगेच पडला व घरंगळत बाजेखाली गेला. म्हणजे पहिल्या दिवशीचा पेला खोक्याने पाडला, हे खरे. साहेबांनी विचारले, "मग नंतरचे कुणी पाडले?" मी पत्नीकडे पाहिले. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

आई म्हणाली, "मीच पाडते."

साहेबांनी कारण विचारले. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेला पडला की ह्यो टीव्ही सोडून येतो, साहेब. हात धरतो, जवळ बसतो. नुसत्या हाकंला येत न्हाई." मग नांदेडला का जाता, असे विचारल्यावर म्हणाली, "आता बसतो बी तर त्या पोराला शिव्या देत बसतो. माझ्याकडं बघतच न्हाई."



तरी माझी हरिओमविरुद्ध तक्रार नाही. त्याला खोली सोड म्हणालो होतो, ते परत घेतले आहे. सुदर्शनविरुद्धही तक्रार नाही. तो इतक्या लगेच येतो असे का म्हणाला, याचा मला थोडा संशय अजून आहे, पण तो माझा मी बघतो.

आई रविवारी जाणार किंवा कसे, असे विचारल्यावरून सांगतो की, तिने मला सांगितलेले नाही. काल दुपारी मी शेडमध्ये जाऊन बाजेवर बसलो. आईने विचारले, "पडला का काय?" मी नाही म्हणालो. "मग का आलास?" तिने सरकून जागा दिली.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला. मी ऐकला, सोबत आलेल्या आईनेही ऐकला. पेला आईने पाडला हे वाक्य खोडावे, अशी मी विनंती केली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. न्हाईतर ह्यो इसरतो." म्हणून ते ठेवले आहे. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते बरोबर आहे.