रिकामी बरणी कशी देऊ

(नेर. दिवंगत पाळकांच्या पत्नी सलोमीबाई यांची पुढची खोली. शनिवारची दुपार. नेमसिंग उंबऱ्यातच उभा आहे, डोक्यावर टोपी.)

नेमसिंग : घ्या ना मावशी, ठेवून घ्या बरणी. मले जाऊ द्या. रिक्षात सवारी बसून आहे.

सलोमीबाई : खिडकीतून दिसतेय तुझी रिक्षा. जवळ एक शेळी उभी आहे. सवारी म्हणजे तीच का?

नेमसिंग : उतरली असन मंग. पण बस्टँडवर जाच आहे, अमरावतीची गाडी येऊन राह्यली.

सलोमीबाई : अमरावतीच्या गाड्या संध्याकाळपर्यंत येतच असतात. इतक्या वर्षांनी दारात आलास, बस त्या खुर्चीवर. पाळकाच्या घरातून बिनचहाचा गेलास तर साहेब वरून मलाच ओरडतील.

नेमसिंग : साहेब असते तं मी आलोच नसतो. लय भेव वाटे त्याइचं.

सलोमीबाई : आणि माझं नाही वाटत? बरं. कुठे सापडली ही?

नेमसिंग : घरावरचे टिनं बदलून राह्यलो. याडीच्या सामानात होती, पेटीत, लुगड्यात गुंडाळून. दीपा म्हणे, चर्चची वस्तू घरात कायले ठेवता, वापस करून या.

सलोमीबाई : शहाणी आहे तुझी बायको. तुझी आई गेल्यापासून शोधत होते मी ही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा मनुकांचा रस हिच्यातूनच आणायची हंसाबाई, पदराखाली धरून. कुणाला हात लावू द्यायची नाही. अरे, पण हिच्यात मनुका आहेत!

नेमसिंग : हो.

सलोमीबाई : तेव्हाच्या?

नेमसिंग : तेव्हाच्या कशा राह्यतीन? आज सकाळी घेतल्या दुकानातून.

सलोमीबाई : कशाला?

नेमसिंग : रिकामं भांडं वापस करत नाईत मावशी. याडीनंच शिकवलं. कोणाचा डब्बा आला तं त्यात काहीतरी टाकून द्या लागते.

सलोमीबाई : मग साखर टाकायची. शेंगदाणे टाकायचे.

नेमसिंग : तेच घ्याले गेलतो. दुकानवाल्यानं इचारलं काय देऊ, अन् तोंडातून मनुकाच निघाल्या. आता निघाल्या तं निघाल्या.

सलोमीबाई : निघाल्या म्हणे! उद्या पहिला रविवार आहे.

नेमसिंग : मले काय मालूम.

सलोमीबाई : हो का? टोपी काढ की. पंख्याखाली बसूनसुद्धा घाम आलाय तुला.

नेमसिंग : राहू द्या. आदत पडली. आता रस कोण करते?

सलोमीबाई : कुणी नाही. नवे पाळक तरुण आहेत, बिचारे लाल सरबताची बाटली आणतात. पोरं ओठ चाटत जागेवर जातात. चर्चच्या मंडळीतले वडील, रामधन, मला म्हणाले, बाई, प्रभुभोजनाला आलोय की लग्नाला?

नेमसिंग : रामधन काका अजून वडीलच आहे का मंडळीत?

सलोमीबाई : मरेपर्यंत वडीलच राहणार ते. अजून तसंच म्हणतात, तोच आवाज. ‘बंधूंनो, डोकी उघडी करा, आपण प्रार्थना करू.’

नेमसिंग : जातो मी.

सलोमीबाई : खाली बस. त्या दिवशीही असाच गेलास.

नेमसिंग : कोणत्या दिवशी?

सलोमीबाई : हंसाबाईच्या दहाव्यानंतरचा रविवार. तू चर्चच्या दारापर्यंत आला होतास, टोपी घालून. रामधननी डोकी उघडी करा म्हटलं, सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि तू हळूच मागे फिरलास.

नेमसिंग : सगळ्याइचे डोळे मिटले होते.

सलोमीबाई : माझे नव्हते. पाळकाच्या बायकोला डोळे मिटून चालतं का? प्रार्थनेतच पोरं एकमेकांच्या चपला लपवतात.

नेमसिंग : म्हणजे तुमाले तवापासून मालूम होतं? डोकं भादरल्याचं?

सलोमीबाई : टोपीखाली कानांवर एक केस नव्हता रे. आणि तुमचा तांडा कुठे लांब आहे? त्याच संध्याकाळी कळलं.

नेमसिंग : मावशी, याडीची माती साहेबांनीच केली. गाणे म्हटले, सगळं मंडळीच्या रीतीनं झालं. पण दहाव्या दिवशी पूनमसिंग काका न्हाव्याले घेऊन आला. रागावला असता तं मी भांडलो असतो. पण थो रडून राह्यला होता. म्हणे, तुह्या बापाच्या मांगं माह्या वहिनीनं मले पोरासारखं सांभाळलं, तिच्यासाठी एवढं कर. मी बसलो न्हाव्यापुढं.

सलोमीबाई : बसलास. मग?

नेमसिंग : मग काय? ज्या बाईनं जिंदगीभर प्रभूचा रस केला, तिच्या पोरानं असं केलं. म्हटलं, केस आले का जाईन. केस आले, तं लाज गेली नाई. लाज कमी झाली, तं रविवारी भाडं मारायची सवय लागली. मंग सवयच राह्यली. देवासंगं भांडण नाई झालं माह्यं, मावशी. झालं असतं तं बरं होतं.

सलोमीबाई : बोलतोस का त्याच्याशी?

नेमसिंग : नाई ना. तेच तं. पह्यले रिक्षा चालवता चालवता होठ हलत होते. आता पोरगी तापानं फणफणली तरी मनात शब्द येत नाई. लय सुनं सुनं वाटते. याडी गेली तं एकदाच रडलो. याच्यासाठी रोज रडू येते, पण कोणाले सांगता येत नाई.

सलोमीबाई : दोनदा आले होते मी तांड्यावर.

नेमसिंग : मालूम आहे. मांगच्या रस्त्यानं रिक्षा काढली मी.

सलोमीबाई : बघितली मी धूळ. तिसऱ्यांदा यायला पाहिजे होतं. नाही आले. गुडघ्याचं निमित्त केलं. चुकलंच माझं.

नेमसिंग : तुमचं काय चुकलं? मीच नाव बुडवलं.

सलोमीबाई : रडणाऱ्या चुलत्याला नाही म्हणता आलं नाही, यात कुणाचं नाव बुडत नाही. साहेब त्या रात्री काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, पोराच्या डोक्यावर केस नाहीत म्हणून प्रभू त्याला ओळखणार नाही, असं त्याला कुणी सांगितलं? माझ्या उपदेशात काय कमी पडलं? जेवले नाहीत नीट.

नेमसिंग : साहेब?

सलोमीबाई : साहेबच. केस तर दोन-तीन महिन्यांतच आले असतील, नेमसिंग. तूच अजून टोपी घालून हिंडतोयस.

नेमसिंग : उद्या आलो तं रामधन काका सगळ्याइपुढं उभं करन. साक्ष दे म्हणन.

सलोमीबाई : रामधन तुला फक्त मनुकांचं विचारतील. त्यांना सरबतातून सोडव बाबा.

नेमसिंग : अन् प्रभूच्या मेजाले मी हात कसा लावू? मी त्या लायक नाई राह्यलो.

सलोमीबाई : लायक कोण आहे? मी? गुडघ्याचं निमित्त करणारी? लायक माणसंच बोलवायची तर त्या मेजापाशी कुणी उभंच राहणार नाही. आधी हे सांग, मनुका किती पाण्यात घालतात?

नेमसिंग : बुडून वर दोन बोटं पाणी. उकळून थंड केलेलं. सकाळी हातानं कुस्करायच्या, मंग धुतलेल्या फडक्यातून गाळायचं.

सलोमीबाई : आणि कुस्करताना?

नेमसिंग : मंडळीतल्या एकेकाचं नाव घे याडी. तुमचं आलं का म्हणे, प्रभू, या बाईचे गुडघे चालते ठेव.

सलोमीबाई : म्हणूनच अजून चालतेय. तुझं नाव?

नेमसिंग : माह्यं सगळ्यात शेवटी.

सलोमीबाई : मग ने ही बरणी घरी. भिजत घाल. सकाळी नावं घे. शब्द येत नाहीत म्हणालास ना? नुसती नावं घे.

नेमसिंग : चर्चची वस्तू आहे. वापस कराले आलतो.

सलोमीबाई : उद्या कर. रिकामी नाही, भरलेली. चहा पी, आणि जाण्याआधी मी दोन शब्द प्रार्थना करते. तू काही बोलू नकोस, बरणीवर हात ठेव फक्त. हे प्रेमळ स्वर्गीय पित्या...

नेमसिंग : थांबा मावशी.

सलोमीबाई : आता काय? शेळी बसली का रिक्षात?

नेमसिंग : नाई. टोपी काढू द्या.

सलोमीबाई : काढ बाळा. या वेळी मी डोळे मिटलेत.