बत्तीस कोअर आणि एक 'नाय'

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय जनाबाई वेखंडे, व्यासपीठावर विराजमान झालेले काळू-भातसा आरोग्य मंडळाचे सर्व विश्वस्त, सत्कारमूर्ती माननीय शेखर निमसे, त्यांना न्यायला नागपूरहून मुद्दाम आलेल्या त्यांच्या कन्या नेहाताई, शहापूर, मुरबाड, वाशिंद आणि डोळखांब केंद्रांतून आलेले माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत बसून जेवणाच्या वासावर लक्ष ठेवून असलेले माझे मित्र, आपणां सर्वांना भाविका फर्डेचा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. शेखरदादांना कधी दोन लागले नाहीत, त्यांचं एकातच भागायचं. तो शब्द या सभागृहातल्या प्रत्येकानं निदान एकदा तरी ऐकलेला आहे. 'नाय.'

माझ्या आधीचे वक्ते म्हणाले की दादा मनमिळाऊ, सगळ्यांच्या हो ला हो मिळवणारे. मी मान वळवून पाहिलं, सत्कार दुसऱ्या कुणाचा तर नाही ना! इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मी म्हटलं, आज ऊन फार आहे, तरी ते म्हणायचे, "नाय, काल जास्त व्हतं."

आमची खोली कुठे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ती जिन्याखाली आहे. तिथे एसी आहे, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यांना आमची फार आठवण येते. एरवी त्या खोलीत आम्ही दोघं आणि मंडळाचा सर्व्हर. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवरच्या माणसांचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्सरे, कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं त्याच्या पोटात. तो कुठला घ्यायचा, त्यात प्रोसेसर कुठला टाकायचा, आपल्यासारख्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला काय परवडेल, हे ठरवणं आमचं काम. ठरवणं म्हणजे भांडणं. दादांची रीतच तशी होती. समोरच्यानं काहीही सुचवलं की आधी नाय म्हणायचं. मग समोरचा चिडतो, कारणं देतो, एकेक कारण आपटून पाहिलं जातं. शेवटी जे कारण नाय म्हणूनही मरत नाही, त्यावर सही करायची. तुम्ही म्हणाल, हा काय कामाचा प्रकार झाला? मीही पहिल्या वर्षी हेच म्हणायचे, आणि राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवायचे.

मागचा सर्व्हर घेतला तेव्हाची गोष्ट. अध्यक्षबाईंची परवानगी गृहीत धरते.

एका पुरवठादाराचा इंजिनियर आला होता. म्हसा गावची जत्रा नुकतीच उरकली होती, म्हणजे जानेवारीच. सर्व्हर नेहमी लागणारी माहिती हाताशी, मेमरीत ठेवतो आणि बाकीची डिस्कवर. घरात नाही का, रोजचे तांदूळ डब्यात आणि उरलेले कणगीत, तसंच. तर डबा केवढा हवा, हे त्या इंजिनियरनं आठवडाभर मोजमाप करून ठरवलं. मेमरी थोडी पुरेल, म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा म्हणाले, "नाय." का, विचारलं तर म्हणाले, "कारन नाय सांगता येत. पन नाय." आता ज्याचं नाय रोजचंच, त्याचं कोण मनावर घेतो? सर्व्हर आला. छान चालला. आम्ही पेढेही वाटले.

मग वैशाख आला. डोळखांबच्या बाजूची माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि वैशाखात परततात, हे इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. नेमकं हेच आम्ही सगळे विसरलो होतो. जानेवारीत अर्धे पाडे रिकामे असतात. आम्ही रिकाम्या गावांची गर्दी मोजली होती! परतलेली माणसं बाजाराच्या दिवशी एकदम केंद्रांवर आली, आणि सहा महिने कुणी न विचारलेल्या त्यांच्या नोंदी सगळ्या कणगीच्या तळाशी. सर्व्हर एकेक नाव उपसत बसला.

मी त्या दिवशी डोळखांबला मदतीसाठी केसपेपरच्या खिडकीवर होते. पुढे भट्टीवरून परतलेली, पाड्यावरची चिमी उभी होती, कडेवर तापानं फणफणलेला मुलगा. त्याला मागे कुठलंसं इंजेक्शन बाधलं होतं, कुठलं ते तिला आठवेना. डॉक्टर हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघताहेत, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरतंय. चिमीनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "ताय, आमी भट्टीवर गेलो, तं ही मशीन पन आमाला इसरली का गो?"

दादा मागेच उभे होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, मी सांगत नव्हतो? ते बाहेर गेले, तिला बाकावर बसवलं, मुलाच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि म्हणाले, "नाय गो, इसरली नाय. शोधते हाय. तू बस."

नोंद सापडली. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, मुलगा बरा झाला, आता तो कणकवलीला आयटीआय करतो. पण त्या दिवसापासून दादांचं नाय मला निराळं ऐकू यायला लागलं. पर्समधला राजीनामा मी त्याच संध्याकाळी फाडला.

आता तो सर्व्हर म्हातारा झाला. नवा घ्यायचाय. सोमवारी ऑर्डर द्यायची आहे आणि दादा उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरला चालले. विश्वस्तांनी मोठ्या मनानं मला सांगितलं, "भाविका, तू म्हणशील ते." डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच ठरवा मॅडम." पुरवठादार तर मी तोंड उघडायच्या आत 'राइट मॅडम' म्हणतो. सगळे माझ्याशी सहमत आहेत. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

पुरवठादाराचं म्हणणं आहे, बत्तीस कोअरचा प्रोसेसर घ्या. कोअर म्हणजे त्याच्या पोटातला एकेक कामाचा हात. जितके हात तितकं बरं, नाही का? तेव्हा मी ठरवलं आहे, सोमवारी आपण बत्तीस कोअरचाच...

ऐकलंत? मागे ऐकू आलं? सत्कारमूर्ती शाल पांघरून, हातात नारळ धरून, भर व्यासपीठावर 'नाय' म्हणाले! नेहाताई, त्यांना रागावू नका. मी मुद्दाम बोलले. निघण्याआधी एकदा ऐकायचं होतं.

हसू द्या, हसू द्या. मी पाणी पिते.

फोन आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण फोनवर माणूस वाद घालत नाही, जेवलीस का विचारतो. मी वाशिंदला एकटी राहते. आई गेल्यापासून घरात मला विरोध करायला कुणी नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते मलाच कळतं, आणि मी मला काही बोलत नाही. दिवसातून एकदा जिन्याखाली जाऊन कुणाशी तरी कडाडून भांडता येत होतं, त्यावर माझे दिवस चालले होते, हे मला या महिन्यात समजलं. परवा दादांनी ड्रॉवर रिकामा केला. शिपाई त्यांची खुर्ची न्यायला आला, मुरबाड केंद्राला एक कमी आहे म्हणून. मी म्हटलं, नाय. आणि मग कारण शोधत बसले.

असो. शुभकार्यात रडगाणं नको. आता खरा निर्णय सांगते. दादा, नीट ऐका.

मी सोळा कोअरचा घेणार आहे. भाताच्या आवणीला वीस माणसं लावली तर शेत लवकर उरकतं, पण एक भाकरी वीस जणांनी थापून लवकर होत नाही. एका माणसाचं नाव शोधायला आपल्या प्रणालीत एकच हात लागतो, तेव्हा हात थोडे असले तरी चपळ हवेत. चारही केंद्रांच्या खिडक्या बाजाराच्या दिवशी एकदम भरल्या तरी सोळा हात पुरून उरतात. डेटाबेसच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कोअर मोजून द्यावं लागतं, म्हणजे रिकामे बसलेले हातही पगार खातात. अगदी नवा निघालेला नाही, त्याच्या आधीच्या पिढीचा घेणार. आपल्या कामाला तो उणा नाही आणि बराच स्वस्त आहे. जे वाचेल ते सगळं मेमरीत घालणार. आणि मोजमाप मी या खेपेला वैशाखात केलं आहे, भट्टीवरची माणसं परतल्यावर. चिमी भट्टीवर गेली असेल तेव्हा तिची नोंद कणगीत गेली तरी हरकत नाही, पण ती येईल तेव्हा डबा तिच्यासाठी रिकामा हवा.

हा माझा निर्णय. मी थांबते. बोला, दादा.

...

नाही?

काहीच नाही?

सन्माननीय सभासदहो, इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. निर्णय बरोबर आहे, हे मला आत्ता कळलं. आणि दादा खरंच चालले, हेही आत्ताच कळलं. सकाळपासून हारतुरे पाहत होते, तरी पटलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी मला वेळेहून जास्त बोलू दिलं, विश्वस्तांनी विश्वास टाकला, नेहाताईंनी इतकी वर्षं आपले वडील आमच्याकडे राहू दिले, आणि आपण सर्वांनी जेवण निवत असताना शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, मानाच्या क्रमात कुणाचं नाव राहिलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं.

शेखरदादा, तुम्ही मात्र पोटात घालू नका. नागपूरला बसल्या बसल्या केव्हाही आठवलं, की भाविकाचं इथं चुकलं, तर तिथूनच म्हणा. खुर्ची मी जागेवरच ठेवली आहे. मला ऐकू येईल.