लीनाला मीच सांगितलं होतं

चूक माझी होती, हे आधी लिहून घ्या. मग बाकीचं सांगतो. नाहीतर मी बोलत बसेन नोकरीवर, सरकारवर, आमच्या लोकांवर, आणि वाचणाऱ्याला वाटेल की ह्या माणसाचा दोष नव्हता, परिस्थितीच तशी होती. परिस्थिती तशी होतीच. पण लीनाला ते मी सांगितलं, आणि ते चुकीचं आहे हे कळल्यावर गप्प बसलो तोही मीच.

मी वसईचा. वडिलांची केळीची वाडी. घरात पहिला एम.एस्सी. झालो तो मी, गणित घेऊन, आणि आईला वाटलं आता पोरगा प्रोफेसर झाला. झालो ना, तासिका तत्त्वावर. म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. वर्गात जेवढे तास उभे राहाल तेवढ्याचेच पैसे, पेपर तपासा, घरी तयारी करा, त्याचे काही नाही, आणि जे काही ठरलेले पैसे ते मिळणार कधी तर देव जाणे. पावसाळ्यात शिकवलेल्याचे पैसे पुढच्या ईस्टरला. बिल गेलं म्हणायचे, बिल परत आलं म्हणायचे, सही राहिली, शिक्का राहिला. नातेवाईक विचारायचे, काय रे मायकल, पगार किती? मी सांगायचो, काही नाही. खोटं नव्हतं ते. हातात पडल्याशिवाय त्याला पगार म्हणायचंच नाही, ही सवय तिथे लागली, माझं तरुणपण त्यात गेलं, आणि आजही आठवलं की माझे कान तापतात. शिकलेल्या माणसाला असं दारात उभं करतात का हो?

मग कॅनडाला आलो. मिसिसागाला बेसमेंटमध्ये राहिलो, वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली, बायको ग्रेटा एका म्हाताऱ्यांच्या होममध्ये कामाला लागली. पुढे ओकव्हिलला एका खाजगी कॉलेजात मोठ्या माणसांना गणित शिकवायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी गळ्यात टाय. आणि काय सांगू तुम्हाला, तिथेही तासिकाच! नाव वेगळं, पार्ट-टाइम इन्स्ट्रक्टर. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्गातल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही. सात समुद्र ओलांडून मी परत त्याच बाकावर येऊन बसलो. एक मात्र खरं, पैसे यायचे. ह्या महिन्यात शिकवलं की पुढच्या महिन्यात खात्यात.

लीना आमच्याच बाजूची, माझ्या गावाच्या पलीकडचं गाव तिचं. नवरा रॉकी ट्रक चालवतो. तिला ह्या कॉलेजात मीच चिकटवली होती, अकाउंट्स शिकवायला. चर्चमध्ये आमच्या मराठी मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, मुलांचा कॉयर, गाणाऱ्यांचा गट, तीच घ्यायची. इथे जन्मलेली पोरं, घरी आईबापांना इंग्लिशमध्ये उत्तर देणारी, तिच्यापुढे उभी राहून मराठी गीतं म्हणायची. मला सर म्हणायची ती. सगळेच म्हणायचे. कुणाला फॉर्म भरायचा असो, लायसन्स असो, मुलांचा भत्ता असो, सरांना विचारा.

मग बाहेरच्या देशांतून येणारे विद्यार्थी कमी झाले आणि कॉलेजने वर्ग कापले. आम्हा दोघांकडे एकेकच वर्ग उरला. दोघांनीही ईआयला अप्लाय केलं, म्हणजे बेकारीचा भत्ता. थोडं काम करून तो घेता येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त दर दोन आठवड्यांनी रिपोर्ट करायचा, किती काम केलं, किती कमावले, त्याप्रमाणे ते भत्ता कापतात.

लीनाचा फोन आला. सर, ह्या आठवड्यात शिकवलं, पण पैसे पुढच्या महिन्यात येणार, मग आता काय लिहू? मी फोन स्पीकरवर ठेवून चहा पीत होतो, समोर मुलगी अभ्यास करत होती. म्हटलं, अगं बाय, जे मिळालंच नाही ते कसं लिहिशील? शून्य टाक. खात्यात आले की सगळे एकदम लिही. ती म्हणाली, नक्की ना सर? की त्यांनाच फोन करून विचारू? मी म्हटलं, कर की, पण आधी मुलांची लग्नं उरकून घे, मग बस होल्डवर. ती हसली. मीही हसलो. एवढंच झालं.

मी स्वतः तसंच करत होतो हो! फसवायचं मनात नव्हतं. पण पुढे माझा पासवर्ड अडकला म्हणून मला फोन करावा लागला, ते होल्डवरचं संगीत ऐकून डोकं भणभणलं, आणि शेवटी एक बाई आल्या, बोलता बोलता रिपोर्ट कसा भरता ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्या म्हणाल्या, नो सर, ज्या आठवड्यात काम केलं त्याच आठवड्यात लिहायचं, पैसे कधीही येवोत. महिन्याचे पैसे एका आठवड्यात टाकले म्हणजे बाकीच्या आठवड्यांत मी काहीच काम केलं नाही असं मी सांगत होतो. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही आपणहून सांगितलंत, जास्तीचे पैसे परत करा, दंड नाही. मी सगळं दुरुस्त केलं.

आणि लीना?

हातात फोन होता हो. तिचा नंबरही काढला होता. मग वाटलं, रविवारी भेटेलच. रविवारी गर्दी होती. पुढच्या रविवारी बर्फ पडलं. ग्रेटा विचारायची, लीनाला सांगितलंस का? सांगतो, सांगतो. खरं कारण हे की सर चुकले हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. ज्या खुर्चीवर लोकांनी बसवलं होतं तिथून उठायचं नव्हतं.

मग तिला पत्र आलं. पैसे परत करा, वर दंड. त्यांनी तिला विचारलं, शून्य का लिहिलं? ती म्हणाली, मला समजलं नाही. माझं नाव तिने घेतलं नाही. फॉर्मवाल्यांपुढे नाही, रॉकीपुढेही नाही.

पण बातमी फुटली. नाताळच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये आम्ही सगळे, ताटात तळलेल्या फुग्या, इंदियालचा रस्सा, आणि आमच्यातले वडीलधारे बस्त्याव अंकल मोठ्याने बोलत होते, फुकटचं खायची सवय, आमच्या समाजाचं नाव घालवलं, असल्या बाईच्या हाताखाली आमची पोरं गाणार? हे बस्त्याव अंकल! बेसमेंटचं भाडं रोख घेतात, टॅक्सवाल्यांना त्या बेसमेंटला दार आहे हेसुद्धा माहीत नाही, आणि ते नाव घालवण्याच्या गोष्टी करतात. लीना तिथे नव्हती, तिने येणं सोडलं होतं. अंकल माझ्याकडे वळले, सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा, ही चोरीच ना?

मी फुगी तोंडात टाकली. एवढीशी फुगी, किती वेळ चावावी माणसाने! तेवढ्यात कॉयर दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलंसुद्धा.

गाडीत मुलगी मागून म्हणाली, डॅड, यू टोल्ड हर टू डू दॅट, आय हर्ड यू. मी ओरडलो तिच्यावर. मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नको. ग्रेटा म्हणाली, ओरड, अजून ओरड, हॉलमध्ये आवाज गेला होता ना तुझा.

मी कुमसारला गेलो, पाप कबूल करायला. फादरांनी ऐकून घेतलं, प्रार्थना सांगितल्या, पापमुक्ती दिली. बाहेर आलो आणि मला संताप आला, देवाचा नाही, माझा. इतकं स्वस्त? जिचं नाव खराब झालं तिला काही कळलंसुद्धा नाही आणि मी मोकळा?

तसाच लीनाच्या घरी गेलो. ती ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलने उपसत होती. मी म्हटलं, लीना, माझं चुकलं, मला आधीच कळलं होतं. ती थांबली. आधी म्हणजे कधी? मी म्हटलं, पत्र यायच्या खूप आधी. तोवर तिला वाटत होतं की सरही माझ्यासारखेच अडकले असतील, बिचारे, त्यांचं नाव कशाला घ्या. ते तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिलं. म्हणाली, मी तुम्हाला वाचवत होते सर, आणि तुम्ही स्वतः आधीच वाचून बसला होतात. मी शोव्हल घ्यायला हात पुढे केला तर तिने दिलं नाही. म्हणाली, माफी इथे मागू नका. इथे मला कुणी चोर म्हणालं नाही. जिथे म्हणाले तिथे मागा.

तिच्या फेरविचाराच्या अर्जासोबत मी लिहून दिलं, हिला असं मी सांगितलं होतं. दंड काढला त्यांनी. बाकीचे पैसे ती फेडते आहे. अर्धे मी देतो म्हटलं तर फोन ठेवून दिला.

पुढच्या मराठी मिस्सेआधी मी रॉकीला निरोप दिला, लीनाला आण. ती आली, कोट न काढता दाराजवळ उभी राहिली. मिस्सा संपली, हॉलमध्ये चहा सुरू झाला, मी माइक मागितला. बस्त्याव अंकल म्हणाले, बोला सर, पिकनिकचं का? मी म्हटलं, नाही अंकल, चोराचं. लोकांकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं.

लीना, म्हटलं, शून्य लिही असं तुला मी सांगितलं. तू विचारलं होतंस नक्की ना, आणि मी तुझी मस्करी केली. मग खरं काय ते मला कळलं, मी माझं नीट करून घेतलं आणि तुला कळवलं नाही, कारण ह्या लोकांनी मला सर म्हणत राहावं असं मला वाटत होतं. त्यांनी तुला नावं ठेवली, तुझा कॉयर काढून घेतला, तेव्हा मी इथेच होतो आणि तोंड उघडलं नाही. तू काही चोरलं नाहीस. तुझं नाव मी जाऊ दिलं. मला क्षमा कर, लीना.